ऑटिझम असलेलं मूल मारतं, चावतं, पळून जातं तेव्हा: घरच्यांना वारंवार पडणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. १९ वर्षांच्या मुलाची आई आहे. डोंबिवलीत आम्ही काही पालक महिन्यातून एका रविवारी जमतो. तिथे चहाचं आणि नोंदवहीचं काम माझ्याकडे असतं. नवे पालक येतात, अर्धा तास गप्प बसतात आणि निघताना चपला घालता घालता खरा प्रश्न विचारतात. दारात विचारलेले तेच प्रश्न इथे घेतले आहेत. 'तो' असं लिहिलंय कारण माझा मुलगा आहे. मुलींनाही हे सगळं तसंच लागू आहे.

रिपोर्टवर 'चॅलेंजिंग बिहेविअर' लिहिलंय. म्हणजे नक्की काय?

ज्या वागण्यामुळे मुलाला किंवा दुसऱ्याला इजा होते, घरात मोडतोड होते, किंवा शिकणं, बाहेर पडणं, झोपणं अशक्य होऊन बसतं, ते. मारणं, चावणं, केस ओढणं, डोकं आपटणं, पळून जाणं, माती-खडू-टाचण्या तोंडात घालणं, चारचौघांत कपडे काढणं.

हात फडफडवणं, गोल फिरणं, एकच वाक्य दिवसातून शंभरदा म्हणणं हे यात येत नाही. ते शेजारच्या काकूंना विचित्र वाटतं, एवढीच त्यातली अडचण. हे मी अनुभवाने सांगते. लेक सहा वर्षांचा असताना आम्ही त्याचे हात शांत ठेवायला शिकवण्यात जवळजवळ दोन वर्षं घालवली. हात थांबले आणि तो दात करकरा खायला लागला. मग हात पुन्हा मोकळे सोडले. ऑटिझम असलेली, आता मोठी झालेली माणसं स्वतः लिहितात-बोलतात, तेव्हा हेच सांगतात: ती हालचाल त्यांना सावरायला मदत करते. इजा होत नसेल तर राहू द्या.

त्याला सगळं कळतं. मग हे मुद्दाम करतो का?

कधी कधी हो, जसं कुठलंही मूल करतं. पण हट्ट आणि मेल्टडाउन या दोन गोष्टी निराळ्या आहेत. हट्ट करणारं मूल रडता रडता डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की दोन मिनिटांत गप्प होतं. मेल्टडाउनमध्ये हवं ते हातात दिलं तरी फेकून देतं. तिथे मागणी संपलेली असते. आवाज, उजेड, गर्दी, बदल असं सगळं मिळून डोक्यावरून पाणी गेलेलं असतं. त्या वेळी समजावणं, दटावणं, लालूच दाखवणं यांपैकी काहीच पोचत नाही.

'कळतं' याचंही जरा तपासून घ्या. माझ्या लेकाला लोकलची सगळी स्टेशनं पाठ आहेत, पण 'पोट दुखतंय' हे सांगायला तो १२ वर्षांचा व्हावा लागला.

इतकी वर्षं शांत होता. महिन्याभरापासून अचानक डोक्यात मारून घेतो. काय झालं असेल?

आधी शरीर तपासा. वागणुकीचा तक्ता, बक्षिसं, नवी थेरपी हे सगळं त्याच्या नंतर.

लेक १७ वर्षांचा असताना उजव्या गालावर बुक्क्या मारून घ्यायला लागला. आम्ही दोन महिने मानसोपचारतज्ज्ञांकडे फेऱ्या मारल्या, गोळीचा डोस दोनदा वाढवला. तो दिवसभर पेंगायचा आणि पेंगता पेंगता गालावर मारायचा. शेवटी माझ्या नणंदेने विचारलं, "हा डाव्या बाजूनेच का चावतोय?" अक्कलदाढ आडवी आली होती आणि खाली पू झाला होता. दाढ काढली, आठवडाभरात बुक्क्या थांबल्या. दोन महिने रोज तो मला जागा दाखवत होता, तेही बरोबर बोट ठेवून.

म्हणून ही यादी पाठ करा: दात, कान, पोट, लघवीची जळजळ, डोकेदुखी, पाळी, झोप, नुकतंच सुरू केलेलं औषध. बद्धकोष्ठता तर ऑटिझममध्ये फार सापडते, आणि तीन-तीन दिवस शौचाला न झालेलं मूल चिडचिड करणारच. फिट्सचंही लक्षात ठेवा. ऑटिझम असलेल्यांत अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि पुष्कळदा तो वयात येताना डोकं वर काढतो. मूल क्षणभर एकटक बघत राहतं, मग गोंधळतं, मग मारतं, असं दिसलं तर मोबाइलवर चित्रण करून ते मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा त्या अर्ध्या मिनिटाचा उपयोग जास्त होतो.

सगळे म्हणतात 'नोंद ठेवा'. नोंद ठेवून काय होतं? आणि ठेवायची कशी?

साधी दोनशे पानी वही घ्या, तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. थेरपिस्ट याला 'एबीसी' म्हणतात. 'खूप त्रास दिला', 'चिडला' असं लिहायचं नाही. 'उजव्या हाताने माझ्या दंडावर तीन फटके, चार मिनिटं' असं लिहायचं. वेळ आणि वार हवाच. तिसऱ्या रकान्यात स्वतःचं वागणं प्रामाणिकपणे लिहा. 'मी ओरडले, मग बिस्किट दिलं' हे लिहायला लाज वाटते, पण उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

आमच्या वहीतलं एक उदाहरण सांगते. लेक १४ वर्षांचा होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला मला नाहीतर बाबांना मारायचा, पण रोज नाही. आधी वाटलं शाळेत काही होतंय. मग वाटलं सातची मालिका लागते, तिचा आवाज. टीव्ही बंद ठेवला, फरक शून्य. सहा आठवड्यांची पानं एकत्र बघितली तेव्हा यांनी वारांवर गोल केले. सहापैकी पाच मोठे प्रसंग शुक्रवारचे. आमच्या भागात शुक्रवारी पाणी बंद असतं. इतर दिवशी सातला तो शॉवरखाली दहा मिनिटं उभा राहतो. शुक्रवारी आम्ही त्याला घाईघाईत दोन तांबे पाणी घालून बाहेर काढत होतो. आम्हाला पाणीकपात इतकी अंगवळणी पडलेली, की 'आधी काय झालं' या रकान्यात 'आज पाणी नव्हतं' असं लिहावं हे एकदाही सुचलं नाही. 'काही नाही, नेहमीसारखंच' असं मी स्वतःच्या हाताने पाच वेळा लिहिलं होतं.

नोंद ठेवायची ती या 'काही नाही'साठी. चार आठवडे पुरतात, आणि रोजचं सगळं लिहू नका. ज्या एका वागण्याने घर सर्वांत जास्त हलतं, तेवढंच धरा.

कारणं तरी कोणकोणती असू शकतात?

ढोबळमानाने चार. काहीतरी हवं आहे. काहीतरी टाळायचं आहे. कुणाचं तरी लक्ष हवं आहे. किंवा शरीरालाच ते हवं-नको आहे, म्हणजे दाब बरा वाटतो, मिक्सरचा आवाज असह्य होतो, शर्टचं लेबल टोचतं. एकच वागणं दोन वेगळ्या कारणांसाठी होऊ शकतं. ताट फेकणं सकाळी 'पोहे नकोत'साठी असेल, रात्री 'बाबा, फोन ठेवा'साठी. त्यामुळे 'ताट फेकल्यावर काय करायचं?' असा प्रश्न कुणी विचारला की आमच्या गटात आधी 'कधीचं ताट?' असं विचारतात.

कारण सापडलं. पुढे काय?

वागणं नुसतं बंद करता येत नाही. त्याच कामाचा, त्याच्यापेक्षा सोपा दुसरा मार्ग द्यावा लागतो. १९८५ साली अमेरिकेत कार आणि ड्युरंड या दोन मानसशास्त्रज्ञांनी चार मुलांवर काम केलं. काम अवघड वाटलं की चिडणाऱ्या मुलाला 'मला समजत नाही' असं म्हणायला शिकवलं, लक्ष हवं असणाऱ्याला 'मी बरोबर करतोय ना?' असं विचारायला शिकवलं. मारामारी खाली आली. पण यातली मेख अशी होती की वाक्य आणि कारण जुळावं लागत होतं. लक्ष हवं असलेल्या मुलाला 'समजत नाही' शिकवून उपयोग नव्हता.

बोलणारं मूल नसेल तर चित्रांची कार्डं, हाताची खूण, किंवा ॲप. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं ॲप फुकट आहे आणि मराठीत चालतं. 'बोलायचा कंटाळा येईल' या भीतीने कार्डं टाळू नका. चित्रं वापरल्याने बोलणं मागे पडत नाही. पहिली कार्डं 'पाणी', 'आंबा' अशी गोड गोड करण्याचा मोह होतो. आमच्या मते पहिली तीन ही असावीत: 'नको', 'थांबा', 'मदत'. आणि 'नको'चं कार्ड दाखवलं की पहिले काही आठवडे ते ऐकायचंच, मग गृहपाठ राहिला तरी चालेल. कार्डाने काम होत नाही आणि चावल्याने होतं, असं दिसलं तर शहाणं मूल काय निवडेल?

शुक्रवारचं आम्ही असं केलं. गुरुवारी रात्री दोन मोठ्या बादल्या भरून ठेवायच्या. भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक शुक्रवारच्या चौकोनात निळी बादली काढायची आणि सकाळी बोट ठेवून सांगायचं, "आज बादली." पहिल्या शुक्रवारी त्याने दोन्ही बादल्या न्हाणीघरात ओतून दिल्या. दुसऱ्या शुक्रवारी एक ओतली. चौथ्या शुक्रवारी आंघोळ करून, कुरकुरत, पण न मारता बाहेर आला.

'दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल' हा सल्ला बरोबर आहे का?

अर्धाच, आणि त्या अर्ध्या सल्ल्याने बरीच घरं अडचणीत येतात.

एक, हे फक्त लक्ष वेधण्यासाठी चाललेल्या, इजा न करणाऱ्या वागण्याला लागू आहे. दुखण्यामुळे किंवा आवाजामुळे ओरडणाऱ्याकडे दुर्लक्ष करणं हा नुसता निर्दयपणा झाला.

दोन, दुर्लक्ष सुरू केलं की वागणं आधी वाढतं. जेवताना मोबाइल बंद करायचा असं आम्ही ठरवलं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं आरडाओरडा, तिसऱ्या दिवशी पस्तीस मिनिटं, चौथ्या दिवशी वरणाची वाटी भिंतीवर. पाचव्या दिवशी सासूबाईंना राहवलं नाही, त्यांनी हळूच फोन दिला. त्यातून तो काय शिकला? वाटी फेकून पुरत नाही, पाच दिवस लावून धरावं लागतं. मटक्याचा नाद का सुटत नाही? रोज लागत नाही, कधीतरी लागतो म्हणून. घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या ताईंनासुद्धा, विश्वासात घेतल्याशिवाय हा प्रयोग सुरू करू नका. परीक्षेच्या किंवा पाहुण्यांच्या आठवड्यात तर नकोच.

लोकलमध्ये, दुकानात, रस्त्यात सुरू झालं तर?

बोलणं बंद करा. खरंच. आपण घाबरलो की बोलत सुटतो, "शांत हो, काय झालं, बघ सगळे बघतायत, असं करू नये," आणि तो आणखी एक आवाज होतो. एकच छोटं वाक्य, हळू आवाजात, तेच तेच. समोर उभं न राहता बाजूला, हातभर अंतर ठेवून उभे राहा. धोका नसेल तर हात लावू नका. उजेड-गर्दीतून बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा. स्टेशनवर असाल तर रुळांकडची बाजू तुमची.

चावलं तर हात ओढून काढू नका, कातडी फाटते. उलट तोंडाच्या दिशेने किंचित ढकला, जबडा सैल होतो. केस धरले तर त्याची मूठ आपल्या डोक्यावर दाबून धरा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि थांबा. कितीही जण मदतीला धावले तरी त्याला पालथं पाडून पाठीवर किंवा छातीवर बसायचं नाही. श्वास कोंडतो, माणसं दगावली आहेत.

बघ्यांसाठी मी एक छापील चिठ्ठी ठेवते: 'माझ्या मुलाला ऑटिझम आहे. त्याला थोडी मोकळी जागा हवी आहे. धन्यवाद.' निम्मे लोक वाचून मागे सरकतात. उरलेले सल्ला देतात. त्यांना चिठ्ठीची दुसरी प्रत देते.

शांत झाल्यावर लगेच जाब विचारू नका. पाणी द्या, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

एखादा फटका दिला तर काय बिघडतं? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.

मी दिलेला आहे, म्हणून साळसूदपणे सांगत नाही. त्या क्षणी थांबतो. पण तो शिकतो ते एवढंच की राग आला की मारायचं असतं, आणि मोठा माणूस छोट्याला मारतो. आज तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

डोकं भिंतीवर आपटतो. रक्त येतं. तेव्हाही कारण शोधत बसायचं?

नाही, आधी डोकं वाचवायचं. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी, मऊ पट्टी, भिंतीला जाड सतरंजी, काहीही. हात मागे बांधून ठेवणं हा उपाय नाही. त्याने पुष्कळदा दुसरं काही सुरू होतं. डोक्याला किंवा डोळ्याला मार लागला असेल, उलटी झाली, गुंगी आली तर थेट रुग्णालय. स्वतःला इजा करणं हे आठवड्यातून अनेकदा होत असेल तर घरगुती वही पुरणार नाही, बालविकासतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ आणि वर्तन-प्रशिक्षित माणूस दोन्ही लागतील.

दार उघडं दिसलं की पळून जातो.

वरची कडी लावा, दाराला घुंगरू बांधा (स्वस्त आणि अलार्मपेक्षा विश्वासू), सोसायटीच्या वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला मुलाचा फोटो देऊन ठेवा. अंगावर फोन नंबर हवा. लॉकेट ओढून टाकत असेल तर शर्टच्या आत शिवा. हरवलं की सर्वांत आधी पाण्याकडे धावा: विहीर, तलाव, सोसायटीची उघडी टाकी. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची ओढ असते आणि हरवलेली मुलं बुडण्याचा धोका खरा आहे. पोलिसांत जायला 'चोवीस तास थांबा' असं काही नसतं, लगेच जा.

आणि पळतो कुठे ते बघा. आमच्या गटातला एक मुलगा तीनदा पळाला, तिन्ही वेळा पिठाच्या गिरणीत सापडला. गिरणीची थरथर त्याला आवडायची. आता आई त्याला शनिवारी दळण घेऊन नेते.

सासू-सासरे म्हणतात, नजर लागलीय. नाहीतर म्हणतात, तुझ्या लाडाने झालं.

दृष्ट काढू द्या, मीठ-मोहरीने मुलाला काही होत नाही. अंगारे-धुपारे, उपाशी ठेवणं, चटके देणं यांना मात्र ठाम नाही.

आईला दोष देणं तर डॉक्टरांनीही करून झालंय. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर वीसेक वर्षं अमेरिकेत 'थंड आई'मुळे हे होतं असं सर्रास मानलं जाई. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील होते, हे मेंदूच्या जडणघडणीचं आहे असं मांडलं, आणि पुढच्या संशोधनाने ते खरं ठरवलं. सासूबाईंना हे सांगून उपयोग होईलच असं नाही. आमच्याकडे झाला तो त्यांना एक काम नेमून दिल्याचा: कालनिर्णयवरची बादली आता त्या काढतात.

गणपती, दिवाळी, लग्नं. घरी कोंडून राहायचं का?

नाही, पण सगळं झेपवायचंही नाही. मिरवणुकीला जाऊ नका, घरच्या आरतीला जा, आणि झांजा त्याच्या हातात द्या. आवाज स्वतः केला की सहन होतो. हार्डवेअरच्या दुकानात कामगारांचे इअरमफ मिळतात, ते महागड्या हेडफोनइतकेच कामाचे. लग्नात अक्षता झाल्या की निघायचं, जेवण डब्यात. कुठे जायचं, किती वेळ, मग काय, हे आदल्या दिवशी चित्रांनी सांगा. 'आधी आजीकडे, मग वडापाव.' आणि वडापाव म्हटलात तर वडापावच. दुकान बंद असेल तर दुसरं शोधा.

वयात आलाय. चारचौघांत हात पँटमध्ये जातो. मुलगी पॅड काढून फेकते.

पहिलं नैसर्गिक आहे, त्याला शिक्षा करू नका, जागा शिकवा. 'तुझी खोली, दार बंद' एवढंच, न लाजता, प्रत्येक वेळी तेच. खोली नसेल, आणि आपल्या वन रूम किचनमध्ये ती नसतेच, तर न्हाणीघर. मुलींना पाळी सुरू होण्याआधीच काही महिने कोरडं पॅड रोज थोडा वेळ घालायची सवय करा. टोचत असेल तर पाळीसाठीच्या चड्ड्या किंवा मऊ सुती घड्या बघा. आणि वडिलांनी मुलाची, आईने मुलीची आंघोळ-कपडे असं हळूहळू लावून घ्या. 'अंगाला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही' हे आमच्या मुलांना शिकवणं दुप्पट गरजेचं आहे, कारण ती तक्रार करू शकत नाहीत हे गैरफायदा घेणाऱ्यांना माहीत असतं.

गोळ्या द्याव्यात का?

ऑटिझम बरा करणारी गोळी नाही. तीव्र चिडचिड आणि आक्रमकपणा यांसाठी रिस्पेरिडोन (अमेरिकेत मुलांसाठी २००६ मध्ये मान्यता) आणि ॲरिपिप्राझोल (२००९) ही औषधं वापरतात आणि काही घरांत त्यांनी खरोखर श्वास घेण्यापुरती उसंत दिली आहे. आमच्याही. किंमत असते: भूक आणि वजन वाढतं, पेंग येते, रक्तातली साखर आणि चरबी तपासत राहावं लागतं. गोळी सुरू करताना डॉक्टरांना विचारा, 'नेमकं काय कमी व्हायला हवं, कधीपर्यंत, आणि नाही झालं तर?' उत्तर वहीत लिहा. मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका.

स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराचं विचाराल, विचारताच. लाखो रुपये घेतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी त्याची शिफारस करत नाही असं स्पष्ट केलं आहे. दागिने विकू नका.

शाळेतून रोज फोन येतो, 'घेऊन जा.'

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझम आहे, आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. हे माहीत असावं, पण पहिल्या भेटीत कायदा टेबलावर आपटू नये. वही न्या. विचारा, 'फोन करायच्या आधी काय चाललं होतं?' मराठीच्या तासाला, लेखनाच्या वेळी फटका मारला की घरी पाठवतात असं दिसलं, तर घरी पाठवणं हेच त्याचं बक्षीस झालंय. हे शिक्षकांना दाखवलं की बहुतेकांच्या लक्षात येतं. आमच्या लेकाच्या पहिल्या शाळेत नाही आलं. आम्ही शाळा बदलली.

कागदपत्रं कोणती करावीत?

कंटाळवाणं आहे, पण एकदाच करून ठेवा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, ज्याला स्वावलंबन कार्डही म्हणतात. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' योजना: वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. जुन्या करप्रणालीत आयकरात (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची वजावट, तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००. मूल १८ वर्षांचं झालं की पालकत्वाचा अर्ज, नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे.

लहान मुलांसाठी जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र विचारा. नवी मुंबईत खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. आणि तुमच्यासाठी, मुलासाठी नव्हे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. मोफत, रात्री-अपरात्री, मराठीत.

धाकटीला आम्ही काय सांगायचं?

खरं ते. आणि तिची एक हक्काची जागा, कपाट, पेटी, काहीही, जिथे दादाचा हात पोचत नाही आणि 'तू मोठ्या मनाची हो' हे वाक्य पोचत नाही.

खरं सांगू? मला माझ्या मुलाची भीती वाटते.

हा प्रश्न दारातही कुणी विचारत नाही, जिन्यात विचारतात. भीती वाटणं म्हणजे प्रेम कमी असणं नव्हे. ४२ किलोची बाई आणि ७० किलोचा मुलगा असं ते गणित आहे.

घरात एक आतून कडी लागणारी जागा ठरवून ठेवा, फोन आत असू द्या. सुऱ्या, कात्र्या, काचेच्या बरण्या कुलपात. दोन माणसं अशी हवीत ज्यांना फक्त 'ये' एवढाच मेसेज गेला तरी येतील; त्यातलं एक त्याच मजल्यावरचं असलं तर उत्तम. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते गैरसमजातून पोलिसांना बोलावतील. पोलीस आलेच तर यूडीआयडी कार्ड दाखवा आणि एकच सांगा: 'त्याला धरू नका, जागा द्या.'

आणि आठवड्यातून तीन तास घराबाहेर जा. भाजीला नव्हे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फडके रोडच्या एका बाकावर तीन तास नुसती बसून राहिले होते. काय करायचं तेच आठवेना.

हे कधी थांबेल?

आमच्या वहीत, तो १४ वर्षांचा असताना, वाईट महिन्यात चाळीसच्या आसपास नोंदी असायच्या. दाढेच्या वेळी पुन्हा तितक्याच झाल्या. गेल्या महिन्यात तीन आहेत.

मागच्या शुक्रवारी सातला नळाला अचानक पाणी आलं. कुठेतरी दुरुस्ती पुढे ढकलली होती. मी खूश होऊन शॉवर सोडला आणि त्याला हाक मारली. तो आला, शॉवरकडे बघितलं, बाहेर जाऊन कालनिर्णयवरच्या निळ्या बादलीवर बोट ठेवलं, परत आला, शॉवर बंद केला आणि बादलीतल्या पाण्याने आंघोळ केली.